डोळ्यावर आलेले शिंग: कामाच्या बैलाचे एक प्रकरण

बैल आर्वी तालुक्यातला, वर्धा जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातला. अंगाने पांढरा, गावठी, थोडी खिल्लारी झाक, म्हणून शिंगे लांब. वय आठ वर्षे, दात जुळून बराच काळ झालेला. मालकाकडे कपाशी, तूर आणि सोयाबीनचे सहा एकर वावर आणि ही एकच जोडी. डवऱ्यापासून बंडीपर्यंत सगळे काम तिच्यावर.

पोळ्याच्या आठवड्यात शिंगे घासायला घेतली, तेव्हा डाव्या शिंगाचे टोक डोळ्याच्या मागच्या कोपऱ्याजवळ कातड्यात रुतलेले दिसले. त्या जागी पू होता आणि आत अळ्या वळवळत होत्या. शिंग असे वाकण्याचे कारण जुने होते. चार वर्षांचा असताना बैलाने गोठ्याच्या फाटकात शिंग अडकवून जोराची ओढ घेतली होती. वरचे कवच निघाले नाही, त्यामुळे कोणी डॉक्टरला दाखवले नाही. आतले हाड बुडाशी मोडून तिरपे जुळले आणि तेव्हापासून शिंग वर न जाता पुढे व खाली वळत गेले. दरवर्षी पोळ्याला टोक थोडे तासले जायचे, तेवढ्याने भागत होते. मागच्या वर्षी तासायचे राहिले.

मोठ्या जनावराचे शिंग कापणे म्हणजे नख कापणे नव्हे, हे इथेच सांगून ठेवले पाहिजे. शिंगाचे बाहेरचे कवच निर्जीव असते, पण त्याच्या आत कपाळाच्या हाडाचाच वाढलेला जिवंत, रक्ताने भरलेला गाभा असतो. वासरू साधारण सहा महिन्यांचे झाल्यावर कपाळातली हवेची पोकळी या गाभ्यात शिरू लागते. मोठ्या बैलाचे शिंग बुडाशी कापले की ही पोकळी उघडी पडते, आणि ती आतून नाकाशी जोडलेली असते. जखमेत पाणी, फिनाईल किंवा रॉकेल ओतले तर ते नाकात उतरते, आणि डोके वर असेल तर घशावाटे श्वासनळीत जाऊ शकते. म्हणून मोठ्या जनावरात कापायचे कसे यापेक्षा कापायचे कुठे, हा प्रश्न मोठा असतो. जेवढे कापल्याने त्रास संपतो तेवढेच कापावे. या प्रकरणात त्या प्रश्नाचे उत्तर तीन महिन्यांत बदलले.

पहिली वेळ: फक्त टोक

ऑगस्टच्या तपासणीत शिंग बुडाशी घट्ट होते. दोन्ही हातांनी हलकेच हलवून पाहिले तरी हालत नव्हते, बूड गरम नव्हते, नाकातून काही येत नव्हते. दोन्ही शिंगांच्या बुडाशी बोटाने टिचकी मारली असता आवाज सारखाच पोकळ येत होता. म्हणजे दुखणे टोकाचे होते. बुडाला हात लावण्याचे कारण नव्हते. शिवाय श्रावण-भाद्रपदात माश्या आणि ओल एवढी असते की पोकळी उघडी करणारी शस्त्रक्रिया टाळता येत असेल तर टाळावीच.

बैलाला खोड्यात उभे करून म्होरकीने डोके बाजूला बांधले. तारेची करवत वापरली. ही प्रसूतीत अडकलेले मेलेले वासरू कापून काढण्यासाठी पशुवैद्यक वापरतात तीच पीळदार तार, दोन टोकांना मुठी लावून. लाकडाच्या करवतीने टोक कापता येते, पण तिचे पाते डोळ्याजवळ नेणे धोक्याचे. तार मात्र टोक आणि गाल यांच्यामधून ओवून बाहेरच्या दिशेने ओढता येते. कातडे वाचवण्यासाठी तारेखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली होती.

टोकापासून ५ सेंटिमीटरवर काप घेतला. टोकाचा भाग भरीव असतो, तिथे गाभा पोहोचत नाही, म्हणून भूल लागत नाही आणि रक्तही येत नाही. भरीव भाग किती, हे मात्र प्रत्येक शिंगात वेगळे. त्यामुळे एकदम मोठा तुकडा न कापता आधी थोडा कापावा आणि कापलेली बाजू पाहावी. सगळीकडे एकसारखी शिंगाची चकती दिसली तर अजून पुढे गाभा आहे. मधोमध गुलाबी ठिपका दिसला की तिथेच थांबावे. या बैलात ५ सेंटिमीटरला चकती कोरडी होती. नंतर आणखी एक सेंटिमीटर घेताना मध्ये गुलाबी झाक दिसली, तिथे थांबलो. या शिंगात गाभा नेहमीपेक्षा टोकाच्या जवळ आला होता, ही नोंद तेव्हा करून ठेवली. कापलेली कड कानशीने गोल केली.

अळ्यांसाठी गावात टर्पेंटाइनचा बोळा घालतात. जखम पायावर किंवा पाठीवर असती तर तो चालला असता, पण इथे डोळा दोन बोटांवर होता आणि टर्पेंटाइन डोळ्यात उतरले तर बुबुळ भाजते. म्हणून चिमट्याने अळ्या वेचल्या, जखम सलाइनने धुतली आणि आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कातडीखाली दिले. मात्रा दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्का औषध ५० किलोला १ मिली. या बैलाला ७ मिली लागले. डोळ्यात फ्लुरोसिनची पट्टी लावून पाहिली, बुबुळावर हिरवा डाग धरला नाही, म्हणजे ओरखडा नव्हता. जखम बारा दिवसांत भरली. दर सहा महिन्यांनी टोक तपासायचे आणि लागले तर कापायचे, असे ठरले. शिंग घट्ट राहिले असते तर एवढे पुरेसे होते.

नोव्हेंबरमध्ये काय बदलले

वेचणीचा कापूस घेऊन येताना बंडी नाल्याच्या चढावर अडकली. बैलांनी जोर केला आणि डावे शिंग जोडीदाराच्या डोक्यावर आदळले. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या नाकपुडीतून पातळ रक्त आले. दोन दिवसांनी पुन्हा आले. बैल मान डावीकडे कलती ठेवू लागला, डोके झटकू लागला, खुंट्याला शिंग घासू लागला. वैरण खात होता, पण कडबा ओढून तोडायचे टाळत होता.

तपासणीत शिंग बुडाशी जवळपास अर्धा सेंटिमीटर हलत होते आणि हलवताना आत खरखर लागत होती. टिचकीचा आवाज डावीकडे बद्द, उजवीकडे पोकळ. म्हणजे डाव्या पोकळीत रक्त किंवा दुसरे काही भरलेले होते. ताप १०१.८ अंश फॅरनहाइट, म्हणजे बैलाच्या मानाने ठीक.

आता दोन शक्यता होत्या. एक, जुनी कच्ची जुळलेली जागा पुन्हा मोडली. दुसरी, शिंगाचा कर्करोग. दुसरीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. हा आजार गाभ्याच्या आतल्या अस्तरातून सुरू होतो आणि आपल्याकडच्या देशी जनावरांत, त्यातही पाच ते दहा वर्षांच्या खच्ची बैलांत जास्त आढळतो. बहुतेक वेळा एकाच शिंगाला होतो. मान कलती ठेवणे, डोके झटकणे, शिंग खुंट्याला घासणे, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त, बूड गरम व हलते, ही त्याचीही लक्षणे. पुढे शिंग लोंबते, गळून पडते आणि खाली फुलकोबीसारखी वाढ आणि सडका वास उरतो. त्या टप्प्यावर आलेल्या बैलासाठी फार थोडे करता येते. इथे वास नव्हता. कानाखालची आणि जबड्याखालची लसिका गाठ चाचपली, दोन्ही बाजूंची सारखी होती. मार लागल्याचा इतिहास स्पष्ट होता. कल मोडीकडे होता, पण शिंग आतून पाहिल्याशिवाय खात्री देता येत नव्हती.

मोडलेले शिंग जुळवता येत नाही का, हा मालकाचा प्रश्न रास्त होता. ताजी मोड, सरळ शिंग आणि शाबूत कवच असेल तर बांबूची कामटी आडवी बांधून, दुसऱ्या शिंगाचा आधार देऊन काही आठवडे ते स्थिर ठेवता येते आणि काही शिंगे जुळतातही. या शिंगाबाबत तीन अडचणी होत्या. मोड जुन्या कच्च्या जोडावर होती. जुळले असते तरी पहिल्यापेक्षा जास्त वाकडे जुळले असते आणि पुन्हा डोळ्यावर आले असते. आणि कर्करोगाचा संशय तसाच राहिला असता. म्हणून शिंग बुडापासून काढायचे ठरले, आणि तेही पुढच्या दहा दिवसांत. विदर्भात अशा कामाला मार्गशीर्ष-पौषाची कोरडी थंडी सगळ्यात बरी. पावसाळ्यात अळ्या होतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात बैल पाणी सोडतो. इथे योगायोगाने डिसेंबरचा पहिला आठवडा मिळाला.

मालकाचे दुसरे म्हणणे होते, “डाक्टरसायब, दोन्ही काढून टाका, जोडी तरी सारखी दिसन.” हे मान्य केले नाही. उजवे शिंग निरोगी होते. निरोगी शिंग काढण्यात बैलाच्या कपाळाला दुसरे भोक पडते, जखमेचा धोका दुप्पट होतो आणि फायदा काहीच नाही. शिवाय पहिल्या जखमेवरची पट्टी अडकवायला दुसरे शिंग लागते. जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये शिंगे काढण्याला सूट आहे, पण ती ठरवून दिलेल्या पद्धतीने केले तरच. भूल न देता सुताराकडून शिंग कापून घेणे त्यात बसत नाही.

वजन, उपास, पाडणे

औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि खेड्यात काटा नसतो. शिवणकामाच्या टेपने छातीचा घेर ६४ इंच, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी ५६ इंच भरली. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. म्हणजे ६४ × ६४ × ५६ ÷ ६६० = सुमारे ३४७ किलो. नजरेने सगळ्यांनी चारशेच्या वर सांगितले होते. पन्नास किलोची अशी चूक झायलाझिनसारख्या गुंगीच्या औषधात महागात पडते.

चोवीस तास वैरण बंद, बारा तास पाणी बंद. हा उपास मालकाला जाचक वाटतो, पण भरलेल्या पोटाचा बैल आडवा पडला की पोट फुगते आणि तोंडात आलेले पोटातले पाणी श्वासनळीत जाते. शस्त्रक्रिया उत्तम होऊन बैल त्याने मेल्याची उदाहरणे आहेत.

झायलाझिन दर किलोला ०.१ मिलिग्रॅम धरले, म्हणजे ३५ मिलिग्रॅम. २० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून १.७५ मिली, मांसात. बाटलीवरची ताकद दोनदा वाचावी. घोड्यांसाठीची १०० मिलिग्रॅमची बाटलीही मिळते आणि तिच्यातून तेवढेच मिली घेतले तर मात्रा पाचपट होते. गाय-बैल या औषधाला फार हळवे असतात. हेच काम गाभण गाईत असते तर शेवटच्या तिमाहीत झायलाझिन टाळले असते, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते.

औषध लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे बैल शांत ठेवला, मग दोराने पाडला. एरवी गावात पाडायचा दोर शिंगांना अडकवतात. इथे ते करायचे नव्हते. दोराचा न सरकणारा फास मानेच्या बुडाशी घेतला, मग छातीभोवती आणि कमरेपुढे एकेक आढा देऊन दोर मागे ओढला. डोके एका माणसाने म्होरकीला धरून सांभाळले. डावी बाजू वर येईल असे उजव्या कुशीवर झोपवले, खाली कुटाराची भरलेली पोती. मानेखाली एक पोते असे ठेवले की मान थोडी वर आणि तोंड खाली राहील. लाळ आणि पोटातले पाणी बाहेर पडले पाहिजे. डाव्या कानात कापसाचा बोळा आणि डोळ्यावर सलाइनमध्ये भिजवलेली जाळी ठेवली, नाहीतर रक्त आणि हाडाचा भुगा दोन्हींत जातो.

भूल

शिंगाच्या बुडाभोवती चार बोटे रुंद केस काढले, पोव्हिडोन आयोडीनने तीनदा धुतले.

शिंगाची मुख्य नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडाकडे जाते. तिथे कपाळाच्या कडेचा उंचवटा बोटाला लागतो. त्याच्याच खालून ती नस जाते. कोपरा आणि बूड यांच्या मधोमध, उंचवट्याच्या लगेच खाली सुई दोन सेंटिमीटर घातली. मागे ओढून रक्त येत नाही याची खात्री केली आणि जागा बधिर करणारे २ टक्के लिग्नोकेन १० मिली सोडले. लहान वासरात एवढे पुरते. मोठ्या शिंगाच्या मागच्या बाजूला मानेकडून आणि पुढे कपाळाकडून आलेल्या बारीक नसाही असतात, म्हणून बुडाभोवती कातड्याखाली अर्धगोलात आणखी १५ मिली दिले.

पंधरा मिनिटे थांबलो. घाई याच ठिकाणी होते. झायलाझिनने बैल झोपलेला दिसतो आणि सगळ्यांना वाटते की भूल लागली. पण झोप वेगळी आणि बधिरपणा वेगळा. सुईने बुडाभोवती टोचत गेलो तेव्हा पुढची आणि वरची बाजू बधिर होती, मागच्या बाजूला मात्र बैलाने कान उडवला. जुन्या मोडीमुळे तिथे घट्ट पांढरे तंतू साचले होते आणि औषध पसरले नव्हते. तिथे ५ मिली आणखी देऊन पाच मिनिटांनी पुन्हा टोचले, मग प्रतिसाद नव्हता.

मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक (दर किलोला ०.५ मिलिग्रॅम) कापण्याआधीच दिले, म्हणजे भूल उतरेपर्यंत त्याचा असर सुरू होतो. गावोगावच्या औषधपेटीत अजून माणसांचे डायक्लोफेनॅक सापडते. जनावरांत त्याला २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडे मरतात. विदर्भात गिधाडे परत आणायचा प्रयत्न चालू असताना हे औषध गोठ्यात असता कामा नये.

काप

शिंग आणि कातडे जिथे मिळतात, तिथून एक सेंटिमीटर सोडून कातड्यात गोल छेद घेतला. तो वर डोक्याच्या मधल्या उंचवट्याकडे आणि खाली कपाळाच्या कडेने सुमारे पाच-पाच सेंटिमीटर वाढवला. मग कातडे दोन्ही बाजूंनी हाडापासून सोडवत गेलो. शिंगासोबत कातड्याचा तो एक सेंटिमीटरचा कडा जाऊ देणे महत्त्वाचे आहे. कडा शिल्लक ठेवला तर त्यातून शिंगाचे खडबडीत तुकडे पुन्हा वाढतात. दुसरे, कडेच्या मऊ भागात रक्तवाहिन्या चिमट्यात धरता येतात. हाडाच्या आत शिरल्यावर त्या धरणे अवघड.

तार खालच्या-मागच्या कोपऱ्यात छेदात बसवली आणि कपाळाच्या उताराला समांतर ओढली. ओढ लांब आणि वेगाची हवी. घर्षणाच्या उष्णतेने बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद होतात. दोन्ही मुठी जवळ आणल्या की तार तीव्र कोनात वाकते आणि तुटते, म्हणून हात पसरून धरावेत. एक तार तरीही तुटली, जवळ दुसरी होती. शेवटच्या दोन सेंटिमीटरला मदतनिसाने शिंग खालून उचलून धरले. तसे न केल्यास शिंगाच्या वजनाने कपाळाच्या हाडाची चीर ओढली जाते आणि कातड्याखाली टोकदार कड उरते.

शिंग सुटताच खालच्या कडेतून दोन ठिकाणी रक्ताची धार उडाली. या शिंगाच्या मुख्य रक्तवाहिनीच्या फांद्या. दोन्ही चिमट्याने धरून पिळल्या, एकीला कॅटगटचा दोरा बांधला. हाडातून झिरपणारे रक्त गरम सलाइनच्या जाळीने पाच मिनिटे दाबून थांबले. तापलेले लोखंड लावायचा आग्रह तिथल्या एका अनुभवी माणसाने धरला. दोन थेंब रक्तासाठी हाडाची कड जाळली तर ते हाड मरते, पुढे तुकडा होऊन गळते आणि जखम महिनोन्महिने वाहते.

उघडलेल्या पोकळीत काळपट गोठलेले रक्त होते, पू नव्हता. गोळे चिमट्याने काढले. कोमट सलाइन एका वेळी ५० मिली असे तोंड खाली ठेवून सोडले, ते डाव्या नाकपुडीतून बाहेर आले. हाडाचा भुगा उरू दिला नाही. पुढे पू होण्याचे ते नेहमीचे कारण असते. पू निघाला असता तर खालचा कोपरा न शिवता उघडा ठेवला असता.

काढलेले शिंग तिथेच उभे चिरले. बुडाशी जुन्या मोडीच्या जागी पांढरा तंतूंचा पट्टा, त्यावर ताजी भेग, अस्तर सुजलेले. भुसभुशीत वाढ कुठे दिसली नाही. तरीही संशयाच्या जागेचे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेले तीन तुकडे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्यांच्या दहापट द्रवात, प्रयोगशाळेसाठी ठेवले. जाड तुकडा आतून सडतो आणि अहवाल निरुपयोगी येतो.

हाडाच्या दोन कडा कुरतडून सपाट केल्यावर कातडे ताण न देता जुळले. जुळत नसेल तर टाका ओढून जुळवू नये, हाड आणखी खाली घ्यावे. ताणलेले टाके चौथ्या-पाचव्या दिवशी कातडे फाडून सुटतात आणि पोकळी उघडी पडते. रेशमाच्या दोन नंबरच्या दोऱ्याने दहा टाके घातले, मधले चार आडवे दुहेरी. वरून टिंक्चर बेंझोइनमध्ये भिजवलेली जाळी, आणि उजव्या शिंगाभोवती इंग्रजी आठच्या आकारात पट्टी.

पुढचे तीन आठवडे

शिवून झाल्यावर बैलाला लगेच छातीवर बसवून दोन्ही बाजूंनी पोती लावली, पोट फुगत नाही ना यावर नजर ठेवली. दीड तासाने तो स्वतः उठला. पाणी त्यानंतर, नीट गिळतो हे पाहून, अर्धी बादली.

पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन पाच दिवस, मेलोक्सिकॅम आणखी दोन दिवस, धनुर्वाताची लस पहिल्याच दिवशी. पण औषधांइतकेच गोठ्याचे नियम महत्त्वाचे होते. बैल वेगळा बांधला, कारण जोडीदार पहिल्याच संध्याकाळी त्याला ढुशी मारायला गेला. एका शिंगाचा बैल गव्हाणीवर मागे पडतो, त्याला वेगळे खाऊ घालावे लागते. कडबा डोक्यावरच्या माचावरून ओढायला न देता खाली कापून दिला. कुटार भिजवून दिले, म्हणजे उडालेला भुसा पट्टीत बसत नाही. दावे शिंगाला बांधायचे नाही, मानेत पट्टा.

दोन दिवस डाव्या नाकपुडीतून रक्ताची झाक आली. ती अपेक्षित असते. तिसऱ्या दिवसानंतरही येत राहिली, घट्ट पिवळी झाली, वास आला, किंवा बैल पुन्हा मान कलती करू लागला, तर पोकळीत पू होतोय असे समजून त्याच दिवशी डॉक्टरला बोलवायचे, असे मालकाला सांगून ठेवले होते. गावात दवाखाना नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरते पथक मागवता येते.

सहाव्या दिवशी सर्वांत खालच्या टाक्याशी लिंबाएवढी मऊ सूज आली. ताप नव्हता. तो एक टाका काढला, चमचाभर लालसर पाणी निघाले, पातळ केलेल्या पोव्हिडोनने जागा पुसली. पिचकारीने आत काही सोडले नाही. चौथ्या दिवसापासून जखमेच्या बाजूला, जखमेत नव्हे, कडुनिंबाचे तेल कापूर घालून लावले जात होते. माशी बसली नाही. चौदाव्या दिवशी सगळे टाके काढले. खालच्या टाक्याची जागा भरायला आणखी आठ दिवस लागले.

आपल्याकडे जू मानेवर बसते, शिंगाला बांधले जात नाही. त्यामुळे शिंग गेल्याने बैलाचे काम अडत नाही. पण जू घालताना डोके हिसडले जाते, म्हणून सहा आठवडे काम बंद ठेवले. पहिल्यांदा जुंपला तो रिकाम्या बंडीला, पाव तास. डवऱ्याला सवय व्हायला वेळ लागला नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल चौथ्या आठवड्यात आला: जुनी सूज, तंतूंची वाढ, कर्करोगाच्या पेशी नाहीत. कर्करोग निघाला असता तर त्यावरच्या व्हिंक्रिस्टिनची इंजेक्शने आणि दर महिन्याला कानाखालच्या गाठींची तपासणी असा वेगळा मार्ग घ्यावा लागला असता. तरी सहा महिन्यांनी जागा आणि गाठी एकदा तपासायच्या ठेवल्या आहेत. उजव्या शिंगाला दरवर्षी कोयत्याने खरडून पातळ करण्याची सवय मात्र मालकाला सोडायला सांगितली. खरडल्याने कवच पातळ होते आणि आतल्या गाभ्याला मार लवकर लागतो. कर्करोगाच्या संशयित कारणांमध्येही या सततच्या खरडण्याचे आणि रंगाचे नाव घेतले जाते. धुवून, तेलाचा हात फिरवून शिंग तेवढेच चमकते.

याच गोठ्यात दीड महिन्याचे एक गोऱ्हे होते. त्याचे शिंगकोंब अजून कातड्यात मोकळे हलत होते, कवटीला चिकटले नव्हते. शिंगे नको असतील तर भूल देऊन तापलेल्या नळीने कोंब काढायचे काम दोन महिन्यांच्या आत, काही मिनिटांत होते आणि पोकळी उघडत नाही. मालकाने त्याला शिंगे ठेवायचे ठरवले, फाटकाच्या दांड्यांतली फट मात्र त्याच आठवड्यात फळी ठोकून बंद केली.